डॉक्टरांनी कोणाशी बोलावे?

पहिल्या पिढीत शिकलेल्या माणसाला पदवीबरोबर एक बिनपगारी नोकरीही मिळते. घरात, भावकीत, वस्तीत कोणी आजारी पडले की त्याच्यासोबत दवाखान्यात जायचे आणि डॉक्टरांशी बोलायचे. तलाठ्याकडचा अर्ज, बँकेचे कागद, पोरांच्या शिष्यवृत्तीचे फॉर्म यांच्या जोडीने हेही काम त्याच्याकडे येते. मी तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मराठी शिकवते. गेल्या दहा-बारा वर्षांत कितीजणांबरोबर दवाखान्याच्या बाकावर बसले त्याची मोजदाद नाही. "तू शिकलेली हायेस, तूच बोल डाक्टरशी," असे म्हणून माणसे आपला केसपेपर माझ्या हातात देतात आणि मोकळी होतात.

या कामाची तक्रार करण्यासाठी हा लेख लिहीत नाही. ते काम कोणीतरी केलेच पाहिजे. परंतु ते करताना एक प्रश्न पुनःपुन्हा समोर येतो आणि त्याची चर्चा आपल्यात होताना दिसत नाही. दुसऱ्याच्या शरीराविषयीची माहिती मी डॉक्टरांकडे मागते ती कोणत्या अधिकाराने? ती भाची म्हणून, सून म्हणून, की केवळ मला इंग्रजी कळते म्हणून? आणि डॉक्टरांनी ती मला द्यावी की देऊ नये?

आपल्या लोकांकडून दवाखान्याविषयी दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात. एक, 'डॉक्टर आम्हाला काहीच सांगत नाहीत.' दुसरी, 'डॉक्टरांनी सगळ्यांच्या देखत सांगून टाकले.' वरवर पाहता या तक्रारी एकमेकींच्या विरुद्ध वाटतात. पण दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. रुग्णाविषयीची माहिती कोणाची, हे डॉक्टरांनी नीट सांगितलेले नाही आणि आपणही नीट विचारलेले नाही. म्हणून या विषयातले नियम काय आहेत आणि ते पाळूनही जवळच्या माणसाला डॉक्टरांशी कसे बोलता येते, हे मला समजले तेवढे मांडते.

रुग्णाची गोष्ट बाहेर सांगू नये, हा दंडक जुना आहे. ग्रीक वैद्य हिपोक्रॅटिसच्या नावाने चालत आलेल्या शपथेत तो आहे. आपल्याकडे चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला दिलेल्या उपदेशातही तो आहे. रुग्णाच्या घरात जे दिसेल ते बाहेर बोलू नये, असे तिथे वैद्याला बजावले आहे. मात्र त्याच उपदेशात आणखी एक गोष्ट येते. रुग्णाचे आयुष्य सरत आले आहे असे कळले तरी, सांगितल्याने त्याला किंवा इतरांना धक्का बसणार असेल तर तिथे ते सांगू नये. म्हणजे दोन प्रकारचे मौन तेव्हापासून शेजारी शेजारी नांदत आले आहे. एक मौन रुग्णाला जगापासून राखते. दुसरे रुग्णाला त्याच्या स्वतःच्याच आजारापासून दूर ठेवते. आपण या दोहोंची गल्लत करतो आणि पुष्कळदा नेमके उलटे वागतो. जगाला सांगतो आणि रुग्णापासून लपवतो.

आजचा नियम अधिक स्पष्ट आहे. भारतीय वैद्यक परिषदेने डॉक्टरांच्या वर्तनाविषयीचे विनियम २००२ साली केले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे विनियम आणले, पण त्याच महिन्यात ते स्थगित ठेवून २००२ चेच पुन्हा लागू केले. व्यवसाय करताना कळलेले रुग्णाचे गुपित डॉक्टरांनी उघड करू नये, असे त्यांत म्हटले आहे. अपवाद तीन आहेत. न्यायालयाचा आदेश असेल तर, एखाद्या विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर धोका असेल तर, आणि सरकारला कळवणे बंधनकारक असलेला रोग असेल तर. नातेवाईक हा काही चौथा अपवाद नाही.

पण म्हणून नातेवाईक परका ठरतो असेही नाही. त्याच विनियमांत दुसरीकडे म्हटले आहे की डॉक्टरांनी आजाराचे गांभीर्य वाढवून सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये. आणि रुग्ण, त्याचे नातलग किंवा जबाबदार मित्र यांना रुग्णाच्या व कुटुंबाच्या हिताला आवश्यक तेवढी माहिती आहे, याची खात्री करून घ्यावी. ही दोन कलमे एकत्र वाचली की वाट दिसते. डॉक्टरांनी आपल्याशी बोलावे, पण रुग्णाच्या डोक्यावरून नव्हे, त्याच्या संमतीने. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यामुळे या संमतीमागे आता केवळ डॉक्टरांची नीती उभी नाही, राज्यघटनाही उभी आहे.

आता व्यवहाराकडे येते. सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी माहीत असलेली गोष्ट आधी सांगते. गोपनीयतेचे बंधन डॉक्टरांच्या तोंडावर आहे, कानांवर नाही. रुग्णाची माहिती त्याच्या संमतीविना आपल्याला सांगायला डॉक्टरांना मनाई आहे. आपण त्यांना काही सांगायला मनाई नाही.

माझे मामा नगरपालिकेत सफाई कामगार आहेत. त्यांना मधुमेह आहे. दवाखान्यात ते एकटेच जातात, बायकोला बरोबर नेत नाहीत. दोन-तीनदा असे झाले की सकाळी कामावरून येताच त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, ते असंबद्ध बोलू लागले आणि साखरेचे पाणी दिल्यावर सावरले. मामी घाबरली. पण 'त्यांच्या डाक्टरकडं मी कशी जाऊ? ते मला काय सांगणार?' म्हणून गप्प बसली. मी तिला म्हटले, "मामी, तू काही विचारायला जाऊ नकोस. फक्त सांगायला जा." आम्ही एका कागदावर चार ओळी लिहिल्या. काय दिसले, किती वाजता दिसले, किती वेळा, आणि मामा पहाटे पाचला काही न खाता गोळी घेऊन कामावर जातात. बस्स, एवढेच.

डॉक्टरांनी कागद वाचला. मामांच्या तपासण्यांविषयी ते मामीशी एक शब्दही बोलले नाहीत. पण मधुमेहाची गोळी घेणाऱ्या कोणाचीही साखर एकाएकी उतरली तर काय दिसते, शुद्धीवर असताना लगेच काय गोड द्यावे, आणि शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता तडक दवाखाना का गाठावा, हे त्यांनी तिला नीट समजावले. असे सर्वसाधारण ज्ञान देण्याने कोणाचे गुपित फुटत नाही. पुढच्या खेपेला त्यांनी मामांनाच विचारले, "सकाळी कामावर काही खाऊन जाता का?" आणि गोळी व न्याहारी यांची वेळ त्यांच्याशी बोलून बसवून दिली. मामी काय सांगायचे ते सांगून आली, मामांचे गुपित मामांकडेच राहिले आणि काम झाले.

यात दोन पथ्ये आहेत. पहिले, डॉक्टरांना पाहिलेले सांगावे, निदान सांगू नये. 'त्यांच्या डोक्यात फरक पडलाय' हे निदान झाले. 'आठ दिवस रात्री झोपत नाहीत, जेवणात विष आहे म्हणतात' हे पाहिलेले झाले. दुसरे, 'मी सांगितले हे त्यांना कळू देऊ नका' अशी अट डॉक्टरांना घालू नये. डॉक्टरांची पहिली बांधिलकी रुग्णाशी असते. त्याने सरळ विचारले तर खोटे बोलण्याची पाळी आपण त्यांच्यावर का आणावी? मामीने त्याच दिवशी संध्याकाळी मामांना सांगितले, "मी डाक्टरला सांगून आले." मामा दोन दिवस धुसफुसले. पण त्यांच्या पाठीमागे कट झाला असे त्यांना वाटले नाही. रुग्णासमोर म्हणता येणार नाही असे काही चिठ्ठीत लिहू नये, एवढे सूत्र पाळले तरी पुरते.

डॉक्टरांकडून ऐकायचे असेल तर मात्र संमती हवी. तिला मोठा कागद लागत नाही. रुग्ण समोर असेल तर त्याने तोंडाने म्हटले, 'हिच्यासमोर बोला,' तरी चालते. तो येऊ शकत नसेल तर चार ओळींची सहीची किंवा अंगठ्याची चिठ्ठी द्यावी: अमुक माझी भाची आहे, माझ्या आजाराची माहिती तिला द्यावी. केसपेपरवर तशी नोंद करायला डॉक्टरांना सांगावे. ही संमती अर्धीमुर्धीही असू शकते. 'ऑपरेशनचे सांगा, पण आधीच्या आजाराचे नको,' असे रुग्ण म्हणू शकतो, आणि दिलेली संमती परतही घेऊ शकतो. रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागणी केली तर उपचारांची कागदपत्रे ७२ तासांच्या आत द्यावीत, असेही २००२ च्या विनियमांत आहे. तेव्हा ही चिठ्ठी नुसती शिष्टाचाराची नाही. तिच्या बळावर आपण कागद मागू शकतो.

आत जाण्यापूर्वी बाकावर बसल्या बसल्याच रुग्णाला विचारावे, "मी आत येऊ का? काय बोलू, काय नको?" आणि आत गेल्यावर थोडा वेळ बाहेर येऊन बसावे. हे विशेषतः बायांच्या बाबतीत. अंगावरून जाणे, नको असलेले गरोदरपण, नवऱ्याची मारहाण या गोष्टी बाई लेकीदेखतही बोलत नाही, सासूदेखत तर नाहीच. डॉक्टरांनी 'पाच मिनिटे बाहेर बसता का?' असे म्हटले तर तो आपला अपमान समजू नये. त्या पाच मिनिटांतच खरा आजार बोलला जाण्याचा संभव असतो.

आता आपण शिकलेल्यांविषयी. वॉर्डात डॉक्टर येतात. खाटेवर आत्या असते, शेजारी मी. माझा चष्मा, माझी पर्स, माझी भाषा त्यांच्या ध्यानात येते आणि ते माझ्याशी इंग्रजीत बोलू लागतात. आत्या एकदा त्यांच्याकडे बघते, एकदा माझ्याकडे. शरीर तिचे, चर्चा आमची. त्या क्षणी शिकलेल्या माणसाला बरे वाटते, हे का नाकारावे? साहेब आपल्याला बरोबरीचे मानतो आहे असे वाटते. पण ही बरोबरी कोणाच्या डोक्यावरून चालली आहे?

मला अशा वेळी एक जुनी हकिगत आठवते. बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर टिपणांत ती आहे. मूळ पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापले गेले होते. काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची बायको बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. मिनतवाऱ्या झाल्या, दोन रुपये फी ठरली, तेव्हा तो आला; पण वस्तीच्या बाहेर थांबला. दोन दिवसांच्या ओल्या बाळंतिणीला बाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिले, त्याने ते नवऱ्याला दिले, नवऱ्याने बायकोला लावले, आणि त्याच वाटेने ते परत गेले. दिव्याच्या उजेडात काच पाहून डॉक्टरने न्यूमोनिया सांगितला. ती बाई गेली. तो नवराही शिक्षक होता, शिकलेला होता. शिक्षणाने त्याला डॉक्टरपर्यंत पोहोचवले, त्याच्या बायकोला पोहोचवले नाही.

आजच्या वॉर्डातली गोष्ट आणि ती गोष्ट एकच आहे असे मी म्हणत नाही. आज डॉक्टर हात लावतात, नाडी बघतात. आपल्यातलेही डॉक्टर झाले आहेत. पण रुग्ण आणि डॉक्टर यांच्यामध्ये माहिती ज्या हातांतून जाते, त्या हातांतला एक हात आता माझा आहे. रुग्णाला न लागता माहिती माझ्याकडे आली आणि माझ्याकडेच राहिली, तर ते अंतर मी कमी केले की नवे निर्माण केले? म्हणून मी डॉक्टरांना मराठीत उत्तर देते. "डॉक्टर, हे आत्यालाच सांगा ना. काही अडले तर मी आहे." बहुतेक डॉक्टर लगेच खुर्ची आत्याकडे वळवतात. त्यांचाही हेतू वाईट नसतो. घाई असते आणि समोर सोपी वाट दिसते. दुभाष्याने आपली पायरी ओळखावी. जे बोलले गेले ते सगळे सांगावे, पदरचे घालू नये, कडू म्हणून गाळू नये.

कडू गाळण्याचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. 'आईला सांगू नका हो, ती खचेल,' अशी विनंती आपल्यातला जवळजवळ प्रत्येक मुलगा करतो, आणि ती प्रेमापोटीच करतो. पण विचार करावा. जिल्ह्यातून परळच्या टाटा रुग्णालयात आणलेल्या बाईला पाटी वाचता आली नाही, तरी तिथे कोणत्या आजाराची माणसे येतात हे बाकावर शेजारी बसलेली बाई तिला सांगतेच. मग ती मुलासमोर न कळल्याचे सोंग करते आणि मुलगा तिच्यासमोर हसण्याचे. शेवटचे जे महिने एकमेकांशी बोलण्यात जायचे, ते दोघे एकमेकांपासून लपण्यात घालवतात. जमिनीचा तुकडा कोणाच्या नावे करायचा, धाकटीचे कसे करायचे, हे सांगायचे राहून जाते.

याचा अर्थ तोंडावर सत्य आदळावे असा नाही. जाणून घेण्याचा हक्क जसा रुग्णाचा, तसा न जाणण्याचाही. "माझ्या लेकाला सांगा, मला नका सांगू," असे एखादी म्हातारी म्हणाली तर तोही तिचाच निर्णय. पण तो तिला विचारून झाला पाहिजे. डॉक्टरांना 'सांगू नका' म्हणण्याऐवजी आपण म्हणावे, "किती जाणून घ्यायचंय ते आधी तिलाच विचारा."

कायदाही इथे रुग्णाच्या बाजूने आहे. १९९५ साली दिल्लीत एका ४४ वर्षांच्या अविवाहित बाईला तपासणीसाठी भूल दिली होती. ती बेशुद्ध असतानाच बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय आणि बीजकोश काढून टाकले गेले. समीरा कोहली खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: रुग्ण सज्ञान आहे, स्वतः निर्णय घ्यायला समर्थ आहे, तातडीने जीव वाचवण्याचा प्रश्न नव्हता, तेव्हा ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवे होते. आईची संमती ही तिची संमती ठरत नाही. जन्मदात्या आईची संमती जर चालत नाही, तर शिकलेल्या भाचीची कशी चालेल?

काही ठिकाणी मात्र नियम वेगळा आहे आणि तो माहीत हवा. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी सामान्यतः आईबाप किंवा पालक निर्णय घेतात. माणूस बेशुद्ध आणि जीव धोक्यात असेल तर डॉक्टर संमतीसाठी खोळंबत नाहीत. जवळच्यांना विश्वासात घेऊन उपचार करतात.

मानसिक आजारात २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने एक चांगली सोय केली आहे. कोणीही सज्ञान माणूस साध्या कागदावर सही करून आपला 'नामनिर्देशित प्रतिनिधी' नेमू शकतो. त्या प्रतिनिधीला आजाराची व उपचारांची, मदत करण्यापुरती माहिती मिळू शकते. हा माणूस भाऊ किंवा नवराच असला पाहिजे असे नाही, मैत्रीणही चालते. बरे असताना हा कागद करून ठेवावा. आजार उफाळल्यावर सगळी भावकी दवाखान्याच्या दारात भांडत बसते आणि कोणाचे ऐकावे हे डॉक्टरांना कळत नाही. दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर तेवढ्यापुरते सांगायला हा कायदा डॉक्टरांना मोकळीक देतो.

एचआयव्हीबाबत २०१७ चाच वेगळा कायदा आहे. माहितीपूर्ण संमतीशिवाय कोणाची स्थिती उघड करता येत नाही. जोडीदाराला लागण होण्याचा मोठा धोका असेल आणि समुपदेशनानंतरही रुग्ण सांगणार नाही अशी डॉक्टरांची खात्री झाली, तर रुग्णाला तशी कल्पना देऊन डॉक्टर जोडीदाराला सांगू शकतात. पण सांगितल्यामुळे बाईला मारहाण होईल, घराबाहेर काढले जाईल अशी रास्त भीती असेल तर सांगू नये, असेही कायदा म्हणतो. आणि ही मुभा जोडीदारापुरतीच आहे. सासू, दीर, घरमालक यांना ती लागू नाही. गर्भपाताच्या बाबतीत सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तिचे नाव अनधिकृतपणे उघड करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

क्षयरोग २०१२ पासून सरकारला कळवणे बंधनकारक आहे. हे कळवणे आरोग्यखात्याला असते, आळीला नव्हे. या फरकाची किंमत मी पाहिली आहे. आमच्याकडचा एक मुलगा शहरात हॉटेलात कामाला होता. त्याला क्षय झाला, औषधे वेळेवर सुरू झाली. त्याच्याच एका नातलगाने काळजीने, पण किराणा दुकानासमोर चारचौघांत आरोग्य कर्मचाऱ्याला विचारले, "आमच्या पोराच्या टीबीच्या गोळ्या आल्या का?" कर्मचाऱ्यानेही तिथेच उत्तर दिले. आठ दिवसांत त्याचे काम गेले, महिन्याभरात खोली. क्षयाची औषधे नीट घेतली तर बहुतेक रुग्णांकडून होणारा संसर्ग काही आठवड्यांत थांबतो. त्याचा रोग सहा महिन्यांत बरा झाला. बातमी काही बरी झाली नाही. त्याच्या लग्नाच्या बोलणीपर्यंत ती त्याच्या पुढे चालत राहिली.

यावर कोणी म्हणेल, बाई, हे सगळे पांढरपेशांचे चोचले आहेत. आठ बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात, तिथे खाजगी काय असते? सरकारी दवाखान्यात एका टेबलाभोवती वीस माणसे उभी असतात, तिथे डॉक्टर कानात सांगणार आहे का? हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. परिस्थिती तशीच आहे. पण गुपित फुटल्याची किंमत कोणाला किती पडते हे पाहावे. बंगल्यातल्या माणसाचा आजार कळला तर लोक फळे घेऊन भेटायला येतात. आपल्यातल्या माणसाचा कळला तर त्याचे काम जाते, भाड्याची खोली जाते, पोरीची सोयरीक मोडते. ज्याच्याकडे राखण्यासारखे दुसरे काही नाही त्याला ही एक गोष्ट राखण्याची गरज अधिक आहे.

शिवाय आपल्या इतिहासात याचे एक मूळ आहे. गावातल्या मयताची खबर पाहुण्यांच्या गावी पोहोचवणे हे महाराच्या वतनी कामांपैकी एक होते. ऊन असो, पाऊस असो, दुसऱ्याच्या घरची बातमी घेऊन तो चालत जाई. त्याची स्वतःची बातमी झाकण्याची सोय मात्र कोणी केली नव्हती. आपण काय खातो, कोठे पाणी भरतो, कोणाच्या घरी कोण आजारी, हे सगळे गावासाठी उघडेच होते. उघडे राहण्याची ही सवय इतकी जुनी आहे की केसपेपरवरचे आडनाव आणि आजार एका दमात मोठ्याने पुकारला गेला तरी आपल्याला त्यात वावगे वाटत नाही. ते वाटू लागले पाहिजे. 'नाव पुकारा, आजार पुकारू नका', 'तपासताना पडदा ओढा', 'बाईला एकटीला बोलू द्या' या मागण्यांना पैसा फारसा लागत नाही. महाराष्ट्रात २०२१ साली शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत रुग्णहक्कांची सनदही घातली गेली. खाजगी रुग्णालयात ती कोठे लावली आहे, हे आपण विचारू शकतो. अशा गोष्टी मागणे हे दवाखान्यावर केलेले आक्रमण नव्हे. चांगल्या डॉक्टरांना त्यांचे काम नीट करायला त्याने मदतच होते.

आपल्यातल्या शिकलेल्यांना शेवटी एवढेच सांगायचे आहे. आपल्या लोकांनी आपल्यावर जो विश्वास टाकला आहे तो केसपेपरपुरता आहे. त्यांच्या शरीराचा सातबारा त्यांनी आपल्या नावे केलेला नाही. दवाखान्यातून घरी येताना वाटेत चार माणसे विचारतात, "काय म्हणाले डाक्टर?" ती माणसे आपलीच असतात, जिव्हाळ्याने विचारतात, आणि आपल्याला सगळे ठाऊक असते. तेव्हा आपण म्हणावे, "ते आत्यालाच विचारा." आणि त्या माणसांनी आत्याला विचारले, की तिने सांगायचे तेवढे सांगावे, नाहीतर 'बरं हाय आता' म्हणून विषय बदलावा. काय सांगायचे हे ठरवणारी ती असावी. आपण तिच्यासोबत जातो ते तेवढ्यासाठी.